मास्तरांनी मोडलेल्या विड्या

मास्तरांना सायकलवर बसलेलं मी कधी बघितलं नाही. सायकल मात्र रोज त्यांच्यासोबत असायची. हँडल धरून ते तिला चालवत आणायचे, वाटेत खड्डा आला की आधी तिला उचलून पलीकडं ठेवायचे आणि मग आपण वळसा घालून जायचे. "मास्तर, बसत का न्हाय हो?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "नवी हाय की अजून." चेन गंजलेली, घंटी मुकी, सीटमधून काथ्या बाहेर आलेला. पण त्यांच्या लेखी ती नवी, आणि नव्या वस्तूवर बसून तिचं वाटोळं करायचं म्हणजे काय!

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. आमच्या विडी कारखान्याच्या शाखेत ते चेकर होते. बायकांनी घरी वळून सुपातनं आणलेल्या विड्या तपासायच्या, चांगली एका बाजूला, खराब दुसऱ्या बाजूला, एवढंच काम. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी. खराब विडी हाताला लागली की तोंडातून "ब्याड!" निघायचं. ब्याड म्हणजे कानडीत नको. दिवसभर ब्याड, ब्याड चाललेलं असायचं, म्हणून बायकांनी नाव पाडलं ब्याडमास्तर. खरं नाव मला आजपर्यंत माहीत नाही, आणि विचारायची हिंमत तेव्हा कुणाच्या बापाची होती?

माणूस असला स्वच्छ की बघून राग यावा. बसायचं आसन घरचं, पाण्याचा तांब्या घरचा, टोपी रोज धुतलेली. तंबाखूच्या कारखान्यात नोकरी, आणि तंबाखूचा वास आला की शिंका! शिंक आली की काम बंद. "थांबा," म्हणायचे. अपशकुन झाला ना! मग उठून तोंड धुणार, आसन झटकणार, आणि जिचं सूप चालू असेल तिचं पहिल्यापासून पुन्हा तपासणार. रांगेतल्या बायका मनातल्या मनात देवाला हात जोडायच्या, की बाबा, माझ्या सुपावर ह्याला शिंक येऊ देऊ नको. एकदा एकीनं मुद्दाम पुढच्या बाईच्या वेळेला तपकिरीची डबी उघडली होती, त्यावरून दोघींची नळावर जी जुंपली ती आठवडाभर पुरली.

एवढ्या स्वच्छ माणसाच्या उजव्या अंगठ्याचं नख मात्र लांब वाढवलेलं. ते कामाचं नख होतं. खराब ठरवलेल्या विडीच्या तोंडावर त्या नखानं ते कचकन एक खूण दाबायचे, म्हणजे तीच विडी कुणी गुपचूप चांगल्यात सरकवू नये. आणि मग ती मागच्या मोठ्या टोपलीत फेकायचे. त्या टोपलीतल्या मालाला म्हणायचं छाट.

आता मी त्यांच्या तावडीत कशी सापडले ते सांगते. दुष्काळात आम्ही वैरागहून सोलापुरात आलो. नवऱ्याला जमिनीचा तुकडा नाही, म्हणून लग्नानंतर माझ्या भावाकडंच राहत होतो. भाऊ मनानं सोनं. पण भावजय भाकरी वाढताना ताट असं आदळायची की घास घशाखाली उतरू नये. निघताना मी मनाशी पक्कं केलं होतं, की ह्या दारात आता माहेरवाशीण म्हणून येईन, कुणाच्या जिवावर खायला येणार नाही. इकडं नवरा गिरणीत बदली कामगार लागला. बदली म्हणजे सकाळी फाटकावर जाऊन उभं राहायचं, कुणी कायमचा गडी आला नसेल तर आत, नाहीतर आल्या पावली घरी. बहुतेक दिवस तो घरीच. भावाच्या कानावर गेलं असणार, त्यानं निरोप धाडला, 'जमत नसलं तर दिवाळी झाली की न्यायला येतो.' त्याला ती माया वाटायची. मला त्यात भावजयीचं ताट आदळलेलं ऐकू यायचं.

तर मग माझे हात कमवायला लागले पाहिजेत, दुसरा इलाज नव्हता. शेजारच्या तेलुगू बाईला सगळी गल्ली अक्का म्हणायची, तिनं मला पदराखाली घेतलं. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, बुडाला सूत बांधायचं. अक्का हे सगळं तोंडानं भांडण चालू ठेवून करायची. माझी विडी एक पोटफुगी, तर दुसरी वाळकी. "काय गं चेल्ली," अक्का म्हणायची, "हे विडी हाय का करंजी?" चेल्ली म्हणजे धाकटी बहीण. ती शिव्या पण बहिणीसारख्याच द्यायची.

पण शिकले. हात बसला. पावसाळा संपता संपता माझी विडी अक्काच्या विडीशेजारी ठेवली तर ओळखू येईना. तरी छाट काही कमी होईना. उलट वाढायला लागली, माझीच नाही, सगळ्यांची. छाटीचा नियम असा, की छाटलेल्या विडीची मजुरी नाही. वर तिच्यात गेलेल्या पानतंबाखूचे पैसे तुमच्याकडून कापणार. आणि कापल्यावर तरी ती विडी तुम्हाला परत द्यायची की नाही? नाही! ती कारखान्याची. राबलो आम्ही, भरपाई आमची, आणि विडी त्यांची. असा न्याय.

शाखा चालवणारा ठेकेदार तोंडानं अगदी गोड. "बायांनो, मी काय करणार? वरून हुकूम हाय, बारीक बघा म्हणून. खराब माल खड्ड्यात टाकावा लागतो मला, माझं का नुसकान न्हाय?" असं म्हणून वर उसासा. त्या खड्ड्याची गोष्ट अख्ख्या सोलापुरात कुणी खरी धरत नव्हतं. छाट बाजारात सुटी विकली जाते, हे नळावरच्या पोरींनाही ठाऊक. आणि आमची सगळ्यांची खात्री, की ब्याडमास्तरांचा त्यात वाटा असणार. नाहीतर एवढं जीव तोडून कोण छाटेल? ठेकेदाराचा चहासुद्धा ते घेत नसत, "नको, पित्त होतं" म्हणायचे, त्याचाही आम्ही उलटाच अर्थ काढला. वाटा घेतो म्हटल्यावर चहाचं काय अडलंय, असं अक्का म्हणायची.

मला त्यांचा संताप यायचा. एकदा मी धीर करून म्हटलं, "मास्तर, ह्या विडीला काय झालंय? चांगली तर हाय." त्यांनी ती डोळ्यांपुढं धरली, गोल फिरवली, आणि मला डोक्यापासून पायापर्यंत बघत म्हणाले, "केस न विंचरता विड्या वळतीस काय गं? विंचरत जा की. केस जातंय आत." मी तेल लावून, घट्ट अंबाडा घालून गेलेली! घरी येऊन नवऱ्यावर डाफरले, तो बिचारा उगाच ऐकून घेत बसला.

दिवाळी झाली. आता भाऊ कधीही दारात उभा राहणार, हे डोक्यात धरून मी काम करत होते. अशात एका मंगळवारी मी आणि अक्का बाजारात ज्वारी घ्यायला गेलो, तर सुट्या विड्यांच्या एका गाड्यापाशी कोण? ब्याडमास्तर! सायकल एका हातात, दुसऱ्या हातात विडी. अक्कानं मला कोपरानं ढोसलं. "बघ गं, वाटा घ्यायला आलाय."

आम्ही कांद्याच्या ढिगाआड थांबलो. मास्तर विडी उन्हाकडं धरून बघत होते. ती ठेवली, दुसरी घेतली. मग तिसरी. प्रत्येक विडीच्या तोंडाला आपल्या अंगठ्याचं नख लावून बघत होते. तिथल्या खुणेत बसत होतं बरोबर.

"कुटनं आणलास हे?" त्यांनी विचारलं.

गाडेवाला हसला. "तुमकू क्या करना जी? कारखानेकाच माल है, सस्ता है. पीना है तो लेव."

"खड्ड्यातलं काढून आणलास काय?"

"कायका खड्डा?" गाडेवाला म्हणाला. "ठेकेदारके घरसे आता हर हफ्ते."

मास्तरांच्या हातून सायकल सुटली. धाडकन पडली, आणि त्यांनी ती उचलली नाही! लोक वळसा घालून जात होते, एकानं तिच्या चाकावर पाय दिला, तरी हा माणूस तसाच उभा. सगळ्या सोलापुराला जे माहीत होतं ते त्या एका माणसाला माहीत नव्हतं. खड्डा आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं, आणि त्यानं मानलं. त्यावर इतकी वर्षं नख चालवलं. मला एकदम कसंतरी झालं. अक्का मात्र लवकर बधणारी नव्हती, "नाटक करतोय" म्हणून मला ओढत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी रांगेत मीच पहिली. मास्तरांनी आसन झटकलं, बसले, माझ्या विड्या पुढं ओढल्या. चेहरा रोजचाच. चार-सहा चांगल्यात गेल्या. मग एक उचलली, "ब्याड," म्हणाले, आणि मागं टाकायच्या ऐवजी दोन्ही हातांनी काडकन मोडली! पान चुरडलं, तंबाखू माझ्या सुपात झटकली आणि पान माझ्या पुढ्यात फेकलं.

छाटीत पडलेली विडी निदान विडी तरी असायची. हातापाया पडून कधी त्यातली एखादी मागता यायची, आणि नाहीच मिळाली तरी कुणीतरी ती ओढणार, एवढं तरी मनाला असायचं. हा बाबा माझ्या देखत माझं काम मोडतोय! "हात झडतील तुमचे!" मी ओरडले. "तुमच्या पोराबाळांच्या ताटातली भाकरी कुणी अशी मोडली म्हंजे कळंल!" मागं अक्का तेलुगूत सुरू झाली, तिच्या मागं सगळी रांग. कुणी सूप आपटलं. तंबाखू उडाली आणि मास्तरांना शिंकांवर शिंका लागल्या, पण आज ते तोंड धुवायला उठले नाहीत. शिंकत शिंकत दुसरी विडी घेतली. "ब्याड." काडकन. तंबाखू सुपात.

एक शब्द समजावून सांगतील तर शपथ! नंतर मी विचारलं तर म्हणाले, "त्यात सांगायचं काय? दिसत न्हाय काय?" असल्या माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

आरडाओरडा ऐकून ठेकेदार आतल्या खोलीतून आला. आधी खुशीत होता. "असंच पायजे मास्तर, लई माजल्यात ह्या..." आणि मग त्याचं लक्ष मोडलेल्या पानांकडं गेलं. मागची टोपली रिकामी दिसली.

"अहो, अहो! मोडताय कशाला? टोपलीत टाका की."

"खराब हाय," मास्तर म्हणाले.

"व्हय, पण..."

"खड्ड्यातच टाकणार न्हवं तुमी?"

"व्हय की, पण..."

"मग मोडून टाकलं तर तुमचं काय जातंय?"

ठेकेदारानं रिकामी टोपली पायानं मास्तरांकडं सरकवली. आणि अक्का जी हसायला लागली! आधी पदर तोंडाला लावून, मग पदरबिदर सोडून, भिंतीला टेकून. "अय्यो देवुडा! चेल्ली, कळलं काय गं? मोडल्यावर ह्यो विकणार काय? धूर?"

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मोडलेली विडी कुणालाच विकता येत नाही. आणि विकता येत नसेल, तर चांगली विडी खराब ठरवण्यात कुणाचाच फायदा नाही.

त्या दिवसापासून मास्तर आपल्या मनानं तपासायला लागले. खरोखर ढिली, खरोखर फाटक्या पानाची तेवढी मोडायचे, तंबाखू परत, त्यामुळं कापायलाही काही उरायचं नाही. त्यांनी कुणावर दया केली असं समजू नका. अक्काची एक विडी मोडली तेव्हा तिनं इतकी वर्षांची ओळख काढली, तरी काडकन! पण आता रांगेत कुणी रडत नव्हतं. आठवड्याची मजुरी हातात घेऊन मी घरी गेले तर नवरा म्हणाला, "कुणा दुसरीची तर घेऊन आली न्हाईस?" मी त्या पैशाचं गोडेतेल आणलं आणि कितीतरी दिवसांनी घरात फोडणीचा वास आला.

हे ठेकेदार किती दिवस चालू देणार? पुढच्याच आठवड्यात मास्तरांच्या आसनाच्या जागी नवी सतरंजी. त्यावर ठेकेदाराचा भाचा, भांग पाडलेला, अत्तर लावलेला. "मास्तरांना आराम पायजे होता ताई," म्हणाला. सगळ्यांना ताई, माई, मावशी. कधी आवाज चढला नाही त्याचा. "ही जरा ढिली वाटतीय हं ताई, पुढच्या वेळी बघा," असं म्हणत हळूच, फुलासारखी उचलून माझी विडी मागच्या टोपलीत. मग दुसरी. मग एकदम मूठभर. मास्तरांनी ओरडून जेवढी छाट काढली नव्हती तेवढी ह्यानं गोड बोलून काढली. मास्तरांकडं जाऊन काही उपयोग नव्हता, त्यांना तर फाटकाच्या आतच घेत नव्हते.

आणि त्याच दिवशी सकाळी वैरागच्या एका माणसाकडनं निरोप आलेला, भाऊ उद्या येतोय, बोचकं बांधून ठेवा.

मी त्या टोपलीकडं बघत उभी राहिले. माझी चांगली, एकसारखी, अक्कानं शाबासकी दिलेली विडी. ही उद्या बाजारात जाणार आणि मी उद्या भावजयीच्या चुलीपुढं बसणार. डोक्यात काय शिरलं देव जाणे, मी वाकले, भाच्याच्या खांद्यावरनं हात घातला, टोपलीतली माझी विडी काढली आणि काडकन मोडली.

"अहो ताई! काय करताय?"

"खराब हाय न्हवं?" मी म्हटलं. "तुमीच म्हणालात. मग मोडते की." दुसरी काढली. मोडली. तंबाखू सुपात.

मला वाटलं आता हाताला धरून हाकलणार. पण मागनं अक्काचा दणकट हात आला आणि टोपलीतल्या आपल्या विड्या घेतल्या. काडकन. मग तिच्या मागची. बायका रांग सोडून पुढं आल्या. नुसता तो मोडण्याचा आवाज. भाच्याचा भांग विस्कटला, अत्तराचा वास तंबाखूत बुडून गेला.

ठेकेदार धावत आला. "कामावरनं काढीन एकेकीला!"

"काढा की," अक्का म्हणाली. "समद्यांना काढा. मग मामाभाचे मिळून वळत बसा. बाहेर ट्रक उभा हाय म्हणं मालासाठी?"

ट्रक उभाच होता, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. ठेकेदारानं एकदा दाराकडं बघितलं, एकदा टोपलीकडं. मी तोवर आणखी एक विडी उचलली होती. तो झटकन पुढं झाला आणि माझं मनगट धरता धरता थांबला.

"मोडू नका," म्हणाला. "आणा इकडं. बघू द्या नीट." विडी घेतली, न बघताच चांगल्यात ठेवली. मग भाच्याला खेकसला, "ह्यात काय खराब हाय रे? डोळे फुटले काय तुझे?"

टोपलीतल्या उरलेल्या विड्या त्यानं स्वतःच्या हातानं चांगल्यात टाकल्या. आणि तिथंच ठरलं, सगळ्यांच्या तोंडावर ठरलं, की छाटायची ती विडी बाईच्या समोर मोडायची आणि तंबाखू तिच्या सुपात द्यायची. पुढं दुसऱ्या शाखांतल्या बाया विचारायला आल्या, तुमच्याकडं म्हणे मोडतात? अक्का त्यांना करून दाखवायची, अगदी "ब्याड" म्हणून.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. बोचकं कुठं बांधलेलं दिसेना. मी त्याला पिठलं-भाकरी वाढली, वर शेंगाची चटणी. त्यानं खाल्लं, माझ्या तोंडाकडं बघितलं, घराकडं बघितलं. "मग?" म्हणाला. म्हटलं, "पंचमीला ये की न्यायला. चार दिवस ऱ्हाईन." तो डोळे पुसत एकटाच वैरागच्या गाडीत बसला. सुख वाटलं की वाईट, त्याचं त्याला ठाऊक.

मग मला मास्तरांना भेटावंसं वाटलं. एक कट्टा, म्हणजे जुडीभर विड्या फडक्यात बांधून, अक्कानं सांगितलेल्या खुणेनं विचारत विचारत त्यांचं घर गाठलं. बाहेर सायकल पुसून ठेवलेली. आत त्यांची बायको कडक भाकरी थापून विकायची, त्यावर आता घर चाललेलं. मास्तर आसनावर बसून त्या भाकऱ्या तपासत होते. चीर गेलेली दिसली की "ब्याड!" आणि बाजूला.

"बघा बाई, हितं बी तेच," बायको मला म्हणाली. "नोकरी घालवली, आता माझं गिऱ्हाईक घालवणार." पण बोलताना हसत होती.

मी सगळं सांगितलं. भाचा, टोपली, ट्रक, ठेकेदार. मला वाटलं खूश होतील. मास्तर ऐकत होते, कपाळाच्या आठ्या वाढत होत्या.

"आता छाट किती काढतोय त्यो?"

"अगदी कमी. न्हायच म्हणा की."

"न्हायच?" मास्तर ताडकन उठले. "म्हंजे ढिली बी घेतोय? फाटकी बी घेतोय? असा माल धाडतोय बाहेर?" टोपी चढवून तावातावानं सायकलकडं निघाले, ठेकेदाराला जाब विचारायला! मी आणि त्यांच्या बायकोनं मिळून अडवलं. "अहो, तुमाला आत घेणार न्हाईत," मी म्हटलं. "बसा की. हे बघा, ही माझी विडी हाय."

बसले. फडकं सोडलं. एक विडी काढली, दारातल्या उजेडाकडं धरली, गोल फिरवली. बुडाचं सूत बघितलं, तोंड बघितलं. अंगठ्याचं नख तोंडापाशी नेलं. मनातल्या मनात मी देवाला हात जोडले, खोटं कशाला सांगू.

नख मागं घेतलं. विडी माझ्या हातात ठेवली.

"ही मी घेतली असती," म्हणाले, आणि पुढची भाकरी उचलली.

मी तिथंच, चुलीजवळ, पदरात तोंड घालून हमसून हमसून रडायला लागले. त्यांची बायको पिठाच्या हातांनी धावत आली.

"काय हो तुमी! हिचीबी मोडलीत व्हय?"